आईच्या फोनमधला पंखा

आयर्लंडमधल्या क्लोनडॉकिनच्या एका शाळेत मी गणित शिकवते असं सांगितलं, की पुण्यातल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तिकडची पोरं ऐकतात का गं तुझं?" ऐकत नाहीत. पुण्यातली तरी कुठे ऐकत होती? इथली पोरं निदान "सॉरी, मिस" म्हणतात आणि मग पुन्हा ऐकत नाहीत.

मी स्वभावाने संशयी आहे. उत्तर बरोबर आलं तरी मधल्या पायऱ्या कुठे आहेत, असं विचारण्यात माझी इतकी वर्षं गेली. शेजारच्याचं पाहून लिहिलेलं मला वही न उघडता कळतं, असं मी लोकांना सांगत असे आणि ते बरंचसं खरंही होतं. खोटं पकडण्यात आपला हात कुणी धरणार नाही, याचा मला चांगलाच गर्व होता.

२०२१ च्या सुरुवातीला शाळा पुन्हा बंद झाल्या आणि या गर्वाला खतपाणी मिळालं. मी माझ्या भाड्याच्या घरातल्या स्वयंपाकघरात लॅपटॉप मांडून बसायचे आणि समोर सगळे काळे चौकोन. कॅमेरा चालू करा म्हटलं की कुणाचा मोडलेला, कुणाचं इंटरनेट गेलेलं. एकाने तर महिनाभर मला त्याच्या खोलीचं छत दाखवलं. छत दिसलं की समजायचं, मुलगा अंथरुणात आहे किंवा खोलीतच नाही. एका मुलीने स्वतःचीच मान डोलावतानाची फिल्म लावून ठेवली होती. तिच्यामागून तेच मांजर त्याच चालीने दुसऱ्यांदा गेलं तेव्हा मी तिला पकडलं. त्या हिवाळ्यात मी शिक्षिका कमी आणि पोलीस जास्त झाले होते.

इस्टरनंतर सगळी मुलं शाळेत परत आली. वर्गाच्या खिडक्या सताड उघड्या, पोरं कोट घालून बसलेली, मास्कमधून कोण बोलतंय ते कळायला मला दोनदा विचारावं लागे. शिक्षकांच्या खोलीत गर्दी नको म्हणून मधल्या सुट्टीत मी माझ्या जुन्या गाडीत जाऊन बसायचे आणि डबा खात खात पुण्याला व्हिडिओ कॉल लावायचे. तेव्हा तिकडे संध्याकाळ झालेली असायची.

आमच्या कॉलची आधीपासूनच एक पद्धत होती. माझा धाकटा भाऊ फोन धरून समोर उभा राहायचा. लग्न व्हायचंय त्याचं, आई-बाबांबरोबरच राहतो, त्याचं ऑफिस तेव्हा त्याच्या खोलीत होतं. आई-बाबा सोफ्यावर फोटो काढायला बसल्यासारखे शेजारी शेजारी बसायचे. बाबा आधी तिकडे थंडी किती विचारायचे, आई मी काय खाल्लं ते विचारायची. भाऊ फोनच्या मागून काहीतरी खवचट बोलायचा आणि आम्ही दोघं थोडं भांडायचो. सगळ्यांचं सगळं बोलून व्हायच्या आत माझी घंटा वाजायची.

एप्रिलच्या मध्यावर ही पद्धत एकाएकी बदलली. कॉल लावला तर मला आईचं अर्धं कपाळ दिसलं आणि वर फिरणारा पंखा.

"बाबा कुठायत?" मी विचारलं.

"खाली गेलेत."

"खाली कशाला? तुमच्याकडे बाहेर पडायची बंदी आहे ना?"

"अगं, दूध संपलं होतं. तू जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशीही पंखा. बाबा आंघोळीला गेले होते. आमचे बाबा सकाळी सूर्य उगवायच्या आत आंघोळ करणारे. मी तसं म्हटलं तर आई म्हणाली, "उकाडा किती आहे, तुला काय कळणार तिथे बसून." तिसऱ्या दिवशी ते झोपले होते, संध्याकाळी दिवेलागणीला. आमच्या घरात दिवेलागणीला झोपलेलं कधी कुणी पाहिलेलं नाही.

त्या दिवसांत पुण्याच्या बातम्या बघवत नव्हत्या. इथल्या आमच्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एरवी इडलीचं पीठ कुठे मिळतं आणि भाड्याचं घर कसं शोधायचं याच गप्पा. आता तिथे ऑक्सिजनचे सिलिंडर आणि रिकाम्या खाटा शोधणं चालू होतं. इथल्याच गॉलवे शहरात शिकणाऱ्या एका मुलाने वडिलांचे शेवटचे विधी फोनवर पाहिल्याचं कुणीतरी लिहिलं. खाली सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मीही टाकलं आणि लगेच आईला फोन लावला. पंखा.

मी भावाला मेसेज करायला लागले. तो फोन उचलत नव्हता, पण मेसेजला उत्तर द्यायचा.

"बाबा कसे आहेत? खरं सांग."

"ठणठणीत आहेत गं तायडे. तुझ्यापेक्षा जास्त."

"मग फोनवर का येत नाहीत?"

"बाहेर असतात ना त्या वेळी."

"त्यांचा आत्ताचा फोटो काढून पाठव."

"मी त्यांच्याजवळ नाहीये."

"घर केवढंसं आहे? उठून जा ना. फोन उचल तू आधी."

"बोलता येत नाहीये आत्ता. टाइप कर."

मीटिंगमध्ये असणार, असं मी धरून चालले. त्याच्या मीटिंगा कधी संपत नसत. पण ताकास तूर लागू न देणारी उत्तरं मला पाठ झालेली होती. कॅमेरा मोडलाय, इंटरनेट गेलंय, मी त्यांच्याजवळ नाहीये. माझी दुसऱ्या वर्षाच्या वर्गातली पोरं याहून बरं खोटं बोलतात, असं मी त्याला लिहिलं. त्याने एक हसरा चेहरा पाठवला. शेवटी आईने बाबांचा एक फोटो पाठवला. त्यात बाबा छान हसत होते आणि त्यांनी स्वेटर घातला होता. पुण्यात, एप्रिलच्या शेवटी! तो फोटो पाहिला आणि मला खात्रीच पटली की बाबांचं काहीतरी बरंवाईट झालंय.

कुणी म्हणेल, सरळ विचारायचं. शाळेतल्या माझ्या भूगोलाच्या सहकारी बाईंनीही तेच सांगितलं. त्या निवृत्तीला आलेल्या, गोल चेहऱ्याच्या, गाडी नेहमी माझ्या गाडीशेजारी लावायच्या. खिडकी खाली करून रोज विचारायच्या, "घरी सगळे कसे आहेत?" मी म्हणायचे, "ग्रँड." इथे सगळं ठीक आहे म्हणायला ग्रँडच म्हणतात, पाय मोडला तरी. एक दिवस त्या म्हणाल्या, "ग्रँड असलेल्या माणसाचा डबा रोज असा भरलेला परत जात नाही." मग मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला विचार ना, वडील आजारी आहेत का म्हणून. एवढंच तर विचारायचंय."

एवढंच! त्यांना कसं समजावणार? आमच्या घरात वाईट बातमी लांबच्या माणसाला सांगायची नसते, ही रीतच आहे. मी बारावीची परीक्षा देत होते तेव्हा माझे आजोबा, आईचे वडील, गेले. मला शेवटचा पेपर देऊन घरी आल्यावर सांगितलं. तोवर आई रोज मला डबा भरून देत होती आणि "शांतपणे लिही" म्हणत होती. आईचं स्वतःचं ऑपरेशन झालं ते मला, मी इथे आल्यावर, टाके निघाल्यानंतर कळलं. आणि मी तरी काय वेगळी? जानेवारीत मला स्वतःला कोविड झाला तेव्हा मी कॅमेरा बंद ठेवून नेट खराब आहे म्हणून सांगत होते. आमच्याकडे प्रेम म्हणजे हेच, समोरच्याला कळू न देणं. त्यामुळे सरळ विचारून सरळ उत्तर मिळणार नव्हतं. आणि मिळालंच तर ते ऐकायची माझी छाती नव्हती. जोवर मी विचारत नव्हते तोवर बाबा नुसते आंघोळीला गेलेले होते.

वर्गात माझं लक्ष लागेना. एकदा मी फळ्यावर साधी वजाबाकी चुकले. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर करून हळूच सांगितलं आणि मी तिच्यावरच खेकसले. नंतर तासभर मला माझीच लाज वाटली. जाताना तीच मुलगी दारात थांबून म्हणाली, "यू ग्रँड, मिस?" मी हो म्हटलं. माझ्या नोकरीचं कंत्राट वर्षावर्षाचं. पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही हे ठरवायचे तेच दिवस होते. मुख्याध्यापिका बाई वर्गाबाहेरून गेल्या तरी मी फळ्याकडे वळून खडू उचलायचे. पण खरं तर नोकरीची काळजी मला हवीशीच वाटायची. तेवढा वेळ बाबांचा विचार मनात येत नसे.

मग एक दिवस मधल्या सुट्टीत मी ठरवून कॉल लावला. पुन्हा आईचं कपाळ आणि पंखा.

"आई, फोन खाली घे. मला पंखा नको दाखवूस."

"अगं, मला नाही जमत ते धरायला."

"हातात घे आणि घरभर फिरव. आधी बाबांच्या खोलीत जा."

"हे काय, शाळा आहे का?"

"हो. शाळाच समज. चल, ऊठ."

पंखा जागचा हलला नाही. मी पुन्हा ओरडले. माझ्या आईशी मी आयुष्यात इतक्या चढ्या आवाजात बोलले नव्हते. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी मान वळवून पाहिलं.

तेवढ्यात पुण्यातल्या घराचं दार वाजलं. कडी उघडल्याचा आवाज, चपला काढल्याचा आवाज आणि मग बाबांचा आवाज. चांगला खणखणीत, जिना चढून आल्यावरही दम न लागलेला.

मी गाडीत एकटीच मोठ्याने हसले. डोळ्यांतून पाणी आलं. बाबा होते! खरंच दूध आणायला गेले असतील, खरंच आंघोळीला गेले असतील. मी किती मूर्ख आहे, असं मला वाटलं आणि मूर्ख असण्याचा इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. मग ते काय बोलत होते ते मला ऐकू यायला लागलं.

"अगं, आज अर्धी पोळी खाल्लीन त्याने," बाबा म्हणत होते. "बाकी डबा तसाच परत दिलान. सिस्टर म्हणाली, फार बोलायला लावू नका, दम लागतो. मी आपला खालूनच हात केला खिडकीकडे. दिसला की नाही देव जाणे."

"कुणाला डबा?" मी म्हटलं.

पंखा फिरत होता.

"फोन चालू आहे का?" बाबांनी विचारलं. मग ते फोनसमोर आले. दोन मास्क लावलेले, केस विस्कटलेले, हातात आमचा जुना स्टीलचा डबा. माझ्याकडे बघितलं आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. म्हणूनच त्यांना फोनपासून लांब ठेवलं होतं. बाबांना खोटं बोलता येत नाही, कधीच आलं नाही. आणि संध्याकाळी ते हॉस्पिटलच्या आवारात डबा घेऊन उभे असायचे.

आई फोन हातात घेऊन म्हणाली, "भाऊ अॅडमिट आहे तुझा. ऑक्सिजनवर आहे. तुला सांगू नको म्हणून त्यानेच शपथ घातली होती."

फोन नीट धरायला घरात कुणी नव्हतं, म्हणून पंखा दिसत होता. छत दिसलं की मुलगा खोलीत नसतो, हे मीच सगळ्यांना सांगत फिरत होते. आणि मी आपली बाबांना शोधत बसले होते. वर्गातही मी असंच करायचे. कॅमेरे बंद असलेल्यांच्या मागे लागायचे आणि जे चटकन "हजर आहे" असं लिहायचे त्यांच्याकडे वळूनही बघायचे नाही. माझा भाऊ रोज लगेच उत्तर देत होता, म्हणून तो मला ठीक वाटला. तो हॉस्पिटलच्या खाटेवरून उत्तरं देत होता.

घंटा वाजली. मी वर्गात गेले, हजेरी घेतली आणि शिकवलं. काय शिकवलं ते आजही आठवत नाही.

त्यानंतर घरच्यांनी मला सगळं सांगायला सुरुवात केली, आणि ते लपवण्याहून अवघड होतं. आज ऑक्सिजन किती लावला, रात्री किती वेळा खोकला, शेजारच्या खाटेवरचा माणूस आज तिथे का नाही. बाबांना एकदा मोकळीक मिळाल्यावर ते काहीच गाळेनात. मी यायचं म्हटलं तर बाबा म्हणाले, "येऊन काय करशील? माझ्याबरोबर फाटकाशी उभी राहशील." विमानं मिळत नव्हती, मिळाली तरी परत येताना हॉटेलात कोंडून घालणार होते, आणि शाळेने तोवर कंत्राटाचं काही सांगितलं नव्हतं. मी गेले नाही. भूगोलाच्या बाई रोज सकाळी माझ्या गाडीच्या बॉनेटवर कापडात बांधलेला घरचा सोडा ब्रेड ठेवून जायच्या. काही विचारायच्या नाहीत. मी तो गाडीत बसून कोरडाच खायचे.

त्या आठवड्यांत भावाला मी सारखं लिहायचे. झोप, पाणी पी, पालथा झोप, डॉक्टर काय म्हणाले. तो एका शब्दात उत्तर द्यायचा. कधी दुपारपर्यंत उत्तर यायचं नाही आणि मी हातात खडू धरून खिशातल्या फोनच्या थरथरण्याची वाट बघत राहायचे. वर्गात फोन ठेवायचा नाही हा नियम पोरांना मीच घालून दिलेला होता. पोरांना ते दिसत होतं, पण कुणी चकार शब्द काढला नाही.

तो घरी आला. मे महिन्यात, बाबांच्या खांद्यावर हात टाकून, दर चार पायऱ्यांनी एकदा थांबत. आईने तुकडा ओवाळून टाकला आणि फोन इतका वाकडा धरला की मला सगळं आडवं दिसलं.

जूनमध्ये शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली. पुढच्या वर्षाचं कंत्राट मिळालं होतं. आता भाऊ बसून बोलू शकत होता. गालफडं आत गेलेली, मनगटं मुलींसारखी झालेली, पण जीभ तशीच.

मी त्याच्यावर तोंडसुख घेतलं. इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर आलं. "लाज नाही वाटली? रोज माझ्याशी खोटं बोलत होतास. मेला असतास तर मला कधी कळलं असतं?"

"मी एकही खोटं बोललो नाही," तो म्हणाला. तो हसला, त्यामुळे खोकला आला, म्हणून त्याला थांबावं लागलं. "आपले मेसेज वर जाऊन वाच. बाबा ठणठणीत आहेत म्हणालो, होते. बाहेर असतात म्हणालो, असायचे. मी त्यांच्याजवळ नाहीये म्हणालो, नव्हतो. माझं तू विचारलंच नाहीस ताई. विचारलं असतंस तर बोलावं लागलं असतं खोटं. तेवढे कष्ट वाचवलेस माझे."

तो हे गमतीने म्हणाला. मीही हसले, त्याला दोन शिव्या दिल्या आणि फोन ठेवला. मग मी खरंच वर जाऊन वाचायला लागले.

एप्रिलच्या शेवटी एक दिवस होता. आई नंतर म्हणाली होती की तो सगळ्यात वाईट दिवस, डॉक्टरांनी बाबांना बाजूला बोलावून सांगितलं होतं की आता काही सांगता येत नाही. त्या दिवशी मी सकाळी त्याला लिहिलं होतं, "बाबांना आजच्या आज फोनवर आण. तोवर मी तुझ्याशी बोलणार नाही." त्याने लिहिलं होतं, "बोलू नकोस. पण लिहीत जा." मला तो उद्धटपणा वाटला होता आणि मी दिवसभर त्याला काही लिहिलं नव्हतं.

त्याखाली त्याचे मेसेज होते, मध्ये बराच बराच वेळ सोडून.

"रुसलीस?"

"शाळा सुटली का?"

"जेवलीस का तायडे?"

"काहीतरी लिही ना. काहीही."

त्याच्याखाली दुसऱ्या दिवशीचा माझा मेसेज होता. "बाबा कसे आहेत?"